पेटी लावून घेतलेली चाचणी

९ मार्च

भाऊजी,

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाही. तुमचे दादा म्हणतात, गाडीवरून उतरला की लिहील. मी म्हटलं, मग या जन्मी काही खरं नाही.

इकडचं सगळं नेहमीसारखं. दादा निवृत्त झाल्यापासून सकाळचा पेपर मोठ्यानं वाचतात, कारण हळू वाचलेलं त्यांचं त्यांनाच ऐकू येत नाही. तुमच्या कारखान्यानं काढलेलं साडेतीनशे सीसीच्या नव्या मोटरसायकलचं माहितीपत्रक त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. 'दोन सिलिंडर, सर्वोच्च वेग ताशी १५१ किलोमीटर' या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ आहे. परवा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला कपाट उघडून दाखवलं, हा आकडा माझ्या भावानं काढलाय म्हणून. तो बिचारा हातात पाना घेऊन उभा.

लिहायचं कारण वेगळं आहे. इस्पितळाच्या व्यायामाच्या खोलीत मला बावीस वर्षं झाली. मोडलेली माणसं डॉक्टर जोडतात आणि चालती करायला माझ्याकडे पाठवतात. सध्या एक बाई आहे, जनावरांची डॉक्टर, चौतीस वर्षांची. जानेवारीत मोटरसायकलवरून पडली. मांडीत सळई घातलीय, उजवा खांदाही मोडला होता. खांद्याचं हाड सांधलंय, पण हात छातीच्या वर जात नाही. जायला हवा. मला वाटतं, ती नेत नाही.

फार बोलत नाही. पोलिसांना जे सांगितलं तेच मला सांगते. रस्ता सरळ होता, कोरडा होता. काटा पंच्याण्णववर होता. आणि हँडल आपोआप थरथरायला लागलं. "मी वेग कमी करायला गॅस सोडला, तर आणखीच वाढलं," एवढंच म्हणते. पोलिसांनी लिहिलंय, वेगमर्यादा नव्वदची, बाईंना गाडी आवरली नाही. एकोणीस वर्षांची असल्यापासून ती गाडी चालवते, भाऊजी. गावोगाव फिरून गाई-म्हशींची बाळंतपणं करते.

गाडी तुमचीच, साडेतीनशे. मागं कारखान्याचंच कॅरियर आणि त्यावर औषधांची पत्र्याची पेटी. म्हणून विचारते, असं आपोआप होऊ शकतं का? तुम्ही सांगाल ते तिला सांगेन.

तुमची वहिनी

२१ मार्च

वहिनी,

उशीर झाला. हल्ली गाडीवरून उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं बोटं नीट उघडत नाहीत, आणि उघडली की पेन धरायचा कंटाळा येतो. कारखान्याच्या गाड्यांची चाचणी घेता घेता सत्तावीस वर्षं झाली. शंभर सीसीपासून सुरुवात केली. ती पंच्याऐंशीच्या पुढं जायची नाही, आणि तेवढ्यालाही तिच्या पोटात कळा यायच्या. मग पावणेदोनशे आली, एकशे बारा. मग ही साडेतीनशे. दर नव्या गाडीबरोबर आकडा वाढतो आणि माझी कंबर आणखी वाकते.

दादाला सांगा, तो आकडा मी काढत नाही, घड्याळ काढतं. सरळ रस्त्यावर एक किलोमीटर आखलेला असतो. आरसे काढून ठेवायचे, टाकीवर पोट टेकवून झोपायचं, कोपरं आत घ्यायची. एकदा जायचं, एकदा उलट यायचं, म्हणजे वाऱ्याचा हिशेब मिटतो. दोन्हीची सरासरी छापतात. त्या वेगानं जगात कुणीही कामाला जात नाही.

तुमच्या डॉक्टरबाईंना एक गोष्ट जरूर सांगा, उपयोगी पडेल. गाडीवरचा काटा खरं बोलत नाही. सगळ्याच गाड्यांचा थोडा पुढं असतो. आमच्या साडेतीनशेवर काटा पंच्याण्णव दाखवतो तेव्हा गाडी खरी अठ्ठ्याऐंशीला असते. म्हणजे बाई मर्यादेच्या आतच होत्या. त्यांच्या वकिलाला हे तपासून घेता येईल.

थरथरीचं म्हणाल तर कारणं पुष्कळ. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली, चाक किंचित वाकलं असलं, हँडलच्या मानेतलं बेअरिंग सैल झालं, किंवा चालवणाऱ्यानं हँडल फार घट्ट धरलं तरी होतं. गाडी न पाहता सांगणं कठीण. खेड्यातले रस्ते, हवा कोण रोज बघतं?

खांद्याला वेळ द्या. तुमच्या हाताखाली बरा होईल.

भाऊजी

२९ मार्च

भाऊजी,

काट्याचं मी तिला सांगितलं. तिच्या वकिलाला आनंद झाला. ती नुसती हं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती, तुमच्या मनाला लागू नये म्हणून. गाडी पडली तेव्हा पुढं एक सायकलवाला चालला होता. गवंडी होता, कामावर निघालेला. गाडी घसरत त्याच्यावर गेली. तो जागीच गेला. बाईंवर खटला त्याचा आहे. त्याची बायको तारखेला येऊन बसते, कुणाशी बोलत नाही, आणि या बाईकडे बघत राहते. आता कळलं का, हात वर का जात नाही? हात बरा झाला तर पुन्हा कामाला जावं लागेल, आणि आपण माणूस मारलाय असं तिला वाटतंय. मी रोज तिचं कोपर धरून उचलते आणि ती रोज ते माझ्या हातात मेलेल्या पाखरासारखं सोडून देते.

तुम्ही चांगली तीन पानं लिहिलीत. हवेवर लिहिलंत, चाकावर लिहिलंत. तिनं सांगितलेलं मुख्य वाक्य, की गॅस सोडल्यावर थरथर वाढली, त्यावर एक ओळ नाही. आणि पेटीचं तर नावच नाही. मला इंजिनातलं काही कळत नाही. पण दुखरी जागा सोडून बाकीचं अंग दाखवणारी माणसं मी रोज बघते.

सुनावणी जुलैत आहे.

वहिनी

३ एप्रिल

धाकट्या,

तुझी वहिनी बाजारात गेलीय म्हणून लिहितोय. ती जे विचारते त्याचं उत्तर देऊ नकोस. तुझी नोकरीची तीन वर्षं राहिलीत. घर कारखान्याचं, पोट कारखान्याचं. ती बाई वाईट नाही, पण तू तिला ओळखत नाहीस, आणि जो गेला तो काही परत येत नाही. मी चाळीस वर्षं कचेरीत काढली. कागदावर जे आहे तेच खरं असतं, बाकीचं आपण घरी नेऊ नये.

हे पत्र वाचून फाडून टाक.

दादा

१२ मे

वहिनी,

सहा आठवडे उत्तर दिलं नाही. मधे दादाचं पत्र आलं होतं. ते वाचून बरं वाटलं, हे आधी कबूल करतो. गप्प बस म्हणणारं कुणीतरी हवंच होतं. पण त्यानं सांगितलं म्हणून गप्प राहिलो असं नाही. मी आधीपासूनच गप्प होतो.

तुमच्या डॉक्टरबाईंनी जे वाक्य पोलिसांना सांगितलं, तेच मी गेल्या जूनमध्ये लिहिलं होतं. जवळजवळ शब्दाला शब्द. पेटी लावून घेतलेल्या चाचणीचा अहवाल होता तो. पेटीत अठरा किलो वाळू भरली होती. खऱ्या शहाऐंशीला हँडल हलायला लागलं. आधी अगदी थोडं, कुणी बाही ओढल्यासारखं. नव्वदला मनगटापासून खांद्यापर्यंत दोन्ही हात. मी गॅस सोडला आणि ते दुप्पट झालं. पेटी मागच्या चाकाच्याही मागं लटकते, त्यामुळे पुढचं चाक हलकं होतं, आणि हलायला लागलं की आवरत नाही. गुडघ्यांनी टाकी आवळून, गॅस किंचित उघडून मी त्यातून बाहेर आलो. सहा फेऱ्यांत चार वेळा हेच. सगळं लिहून दिलं.

आमच्या मुख्य इंजिनिअरांनी खोलीत बोलावलं. माणूस वाईट नाही, मला चहा दिला. म्हणाले, पेटी म्हणजे गाडी नव्हे, ती गिऱ्हाइकानं हवी तर लावायची वस्तू आहे. आपल्याला गाडीची चाचणी हवीय. गाडी सप्टेंबरात बाजारात जायची होती. मी पेटी काढली. दुसऱ्या दिवशी जाताना एकशे अठ्ठेचाळीस, येताना एकशे चौपन्न. एकशे एक्कावन्न झाले. त्या कागदावर सही केली. कुणी हात धरून करवली नव्हती. पहिला अहवाल फाइलमध्ये गेला आणि सप्टेंबरात गाडी आणि पेटी एकाच दुकानात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

तुमचं दुसरं पत्र आलं त्याच्या पुढच्या रविवारी मी पुन्हा करून पाहिलं. दुकानात पाठवायला तयार असलेल्या गाड्यांतली एक घेतली, टायरची हवा स्वतः मोजली, बेअरिंग तपासलं, पेटी लावली. आशा होती की नाही होणार. अठ्ठ्याऐंशीला झालं. मी पडलो नाही, कारण काय येणार हे मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं.

जूनच्या अहवालाची कार्बन प्रत माझ्याकडे होती. सोबत पाठवतोय. खाली माझं नाव आणि सही होती, तेवढा भाग फाडून घेतलाय. वकिलाला द्या. पण कुणाकडून आली ते सांगू नका. मला एवढंच जमतंय.

भाऊजी

२० मे

भाऊजी,

वकिलानं तो कागद उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाला, बाई, हे मी घरी बसून टाइप केलं नाही कशावरून? माणूस उभा राहिला तर कागद उभा राहील. कुणाकडून आला ते मी सांगितलं नाही. डॉक्टरबाईंनाही काही बोलले नाही. एकदा आशा लावून मागून काढून घ्यायची, हे मला जमणार नाही.

मी रागावलेली नाही. रागवायचं ठरवलं होतं, पण पत्र तीनदा वाचावं लागलं. दोनदा माझ्यासाठी आणि एकदा दादांसाठी, मोठ्यानं. शेजारच्यांनीही ऐकलं असेल. दादांनी तुम्हाला लिहिलेल्या पत्राचं मला आत्ताच कळलं, त्यावर आमचं काय झालं ते लिहीत नाही. नंतर ते उठले, कपाट उघडलं आणि ते माहितीपत्रक नखानं हळूहळू सोडवून काढलं. दाराचा थोडा रंगही निघाला. मग म्हणाले, "त्याला लिही. यायचं ठरवलं तर मी स्टेशनवर येतो. नाही ठरवलं तरी तो माझाच भाऊ आहे."

तुमचा कागद परत पाठवतेय. फाडलेला तुकडा तुमच्याकडे असेल तर जोडा. नसेल तर तसं कळवा, म्हणजे आम्ही वाट बघणार नाही. सुनावणी अकरा जुलैला, सकाळी साडेदहा.

वहिनी

२ ऑगस्ट

भाऊजी,

तुम्हाला काय म्हणावं? दादा स्टेशनवर दोन तास आधी जाऊन बसले, तुम्हाला कोर्टापर्यंत आणलं, पिंजऱ्यासमोरच्या बाकावर तुमची पिशवी मांडीवर घेऊन बसले. आणि तुम्ही साक्ष दिलीत, पिशवी घेतलीत आणि गायब. मी घरी तिघांचा स्वयंपाक करून आले होते. दादांना वाटतं, तुम्ही त्यांच्यावर रागावलात. मी सांगितलं, रागावलेला माणूस पिशवी घेताना पाया पडत नाही.

निकाल लागला. बाई सुटल्या. वकील म्हणतो, कागद जोडलेला होता हे बरं, पण खरं काम तुमच्या त्या उत्तरानं केलं. सरकारी वकिलानं विचारलं होतं ना, ही गाडी एकशे एक्कावन्नपर्यंत सुरक्षित आहे असं तुम्हीच लिहून दिलंत ना? आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी वेग लिहिला. सुरक्षित हा शब्द त्या कागदावर कुठंच नव्हता. असायला हवा होता की नाही, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं." दादांना हे ऐकू आलं नाही. घरी येईपर्यंत मी तीनदा सांगितलं.

तुमच्या कारखान्यानं दुकानांतून पेट्या परत मागवल्यात, असं इथल्या दुकानदारानं सांगितलं. नवं कॅरियर पुढं सरकवलेलं येणार आहे म्हणे. आणि तुम्हाला चाचणीवरून काढून सुट्या भागांच्या गोदामात टाकल्याचंही कळलं. वाईट वाटलं. पण निदान बोटं तरी उघडतील.

काल डॉक्टरबाईंनी हात कानापर्यंत नेला. मी धरला नव्हता, सांगितलंही नव्हतं. त्या नुसत्या हाताकडे बघत होत्या, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं. मग म्हणाल्या, "उद्या आणखी थोडा." मी खोलीबाहेर जाऊन तोंड धुऊन आले. हे तुम्ही केलंत. एवढं चांगलं काम करून माणूस तोंड लपवून का पळतो, ते मला तरी कळवा.

वहिनी

१५ ऑगस्ट

वहिनी,

हाताचं वाचलं. बाईंना माझा नमस्कार सांगा. आणखी काही सांगू नका.

गोदाम बरं आहे. छताला उंच खिडक्या आहेत, दुपारी ऊन फिरत फिरत माझ्या टेबलापर्यंत येतं. पिस्टन एका मांडणीत, क्लचच्या तारा दुसऱ्या मांडणीत. कुणी चिठ्ठी आणली की द्यायचं. जुने सोबती येतात, पण चिठ्ठीपुरतंच बोलतात. मी त्यांना दोष देत नाही. इंजिनिअरसाहेब एकदा दारापर्यंत आले होते, आत आले नाहीत.

दादाला सांगा, मी रागावलो नाही. तो पिशवी धरून बसला होता म्हणूनच मला बोलता आलं. आता का पळालो ते लिहितो. दादाला हे मोठ्यानं वाचून दाखवू नका, हातात द्या.

साक्ष संपल्यावर दादाकडून पिशवी घेतली, टॉवेल तिच्यातच होता, आणि हात धुवायला म्हणून मागच्या बाजूला गेलो. तिथून रस्त्यावर जायचा दरवाजा आहे. पाच मिनिटं मोकळ्या हवेत उभं राहावं आणि आत यावं, एवढंच मनात होतं. समोर बसचा थांबा होता आणि बाकावर त्या गवंड्याची बायको बसली होती. मी ओळखलं नाही. त्यांनी ओळखलं. उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. फार लहान चणीच्या आहेत. हाताला चुना लागून लागून कातडी फाटलेली. नवऱ्याच्या हाताखाली कामाला जात असाव्यात.

त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

मी म्हणालो, हो.

"कधीपासून?"

"अपघाताच्या सात महिने आधीपासून."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मोजताना ओठ हलत होते. मग म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा आम्ही शाळेच्या भिंतीचं काम करत होतो." बोटं मिटली आणि म्हणाल्या, "मी सहा महिने त्या बाईला शिव्याशाप दिले. रोज."

मी म्हणालो, आता मला द्या. हे मी का बोललो कुणास ठाऊक. बोलल्यावर लगेच लाज वाटली, जणू काही तेवढ्यानं भागणार होतं.

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, सही करताना काहीच वाटलं नाही का. कोर्टात दोन वकिलांनी मिळून तासभर प्रश्न विचारले, हा कुणीच विचारला नव्हता. मी खरं सांगितलं. वाटलं होतं. पण बाहेर फोटोसाठी सगळे गाडीभोवती उभे होते, आणि मला हाक मारत होते.

बस आली. त्या चढल्या. बस स्टेशनकडेच जाणारी होती, जागाही होती. कंडक्टर माझ्याकडे बघत थांबला. मी हातानं खूण केली, जाऊ द्या. त्यांनी खिडकीतून मागं पाहिलं नाही. पुढची बस चाळीस मिनिटांनी आली, तोवर मी तिथंच उभा होतो. परत आत यायला, तुम्हा दोघांसमोर बसून जेवायला, शाबासकी घ्यायला पाय वळले नाहीत.

येईन, वहिनी. दादाला सांगा, नक्की येईन. पण एवढ्यात नाही.

भाऊजी